शालनबाईंची दुसरी गोळी

दुकान उघडून काउंटर पुसत होतो तेव्हा पूनमचा फोन आला. "शेट, आई गेल्या. पहाटं, झोपंतच..." एवढं बोलून ती थांबली. मला वाटलं, रडत असेल. पण पुढचा आवाज आला तो एकदम सरळ, पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखा. "तेरा गोळ्या उरल्यात. मी दोनदा मोजल्या. कपाटाला कुलूप हाय, किल्ली माझ्या गळ्यात हाय. आईंनी सांगून ठेवलं व्हतं, मी गेले की आदी गोळ्या मोज, मग रड." आणि मग ती रडली. मी हातातलं फडकं धरून तसाच उभा होतो. सासूच्या मरणाची बातमी देताना सून गोळ्यांची संख्या सांगते, याचं ऐकणाऱ्याला नवल वाटेल. मला वाटलं नाही. शालनबाई ज्या तऱ्हेनं जगल्या, त्यांना शोभेल अशीच ती बातमी होती.

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. कारण शालनबाईंबद्दल खरं लिहायचं तर मला स्वतःबद्दलही खरं लिहावं लागणार. पण त्यांनी आयुष्यभर जे उघड बोलून दाखवलं, ते त्यांच्या माघारी मी झाकून ठेवलं, तर तो त्यांचा अपमान होईल.

ओतूरच्या आसपासच्या शेतकऱ्यांना शालनबाई कोण हे सांगायची गरज नाही. विहिरीवरची मोटर जळली की आतली जळकी तार काढून तांब्याची नवी तार वेढावी लागते. त्याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. हे काम त्यांचे यजमान करायचे. माहेर निमगाव साव्याचं, शिक्षण सातवी. नवऱ्याच्या शेजारी बसून, तारेचं टोक धरता धरता त्या हे काम शिकल्या. यजमान अचानक गेले तेव्हा मुलगा किरण शाळेत होता. भाऊबंदांनी सांगितलं, दुकान मोडा. बाईंनी तेराव्यानंतरच्या सोमवारी दुकान उघडलं. पहिलाच शेतकरी दारात घुटमळला, बाईनं भरलेली मोटर चालेल का म्हणाला. बाई म्हणाल्या, "मोटरला बाई-बाप्या कळत न्हाय, पावणं. तिला फक्त वेढे कळत्यात." ती मोटर पुढं कित्येक वर्षं चालली, आणि तो शेतकरीच गावोगाव त्यांची जाहिरात करत फिरला.

माझं औषधांचं दुकान त्यांच्या दुकानापासून चार दुकानं पलीकडे. आमचे आजोबा मारवाडातून ओतूरच्या बाजारात कापड विकायला आले ते इथलेच झाले. आम्ही घरात मारवाडी बोलतो, पण भांडण मात्र मराठीतच करतो. शालनबाईंशी माझं नातं असं काही नव्हतं. त्यांना डोकेदुखीची गोळी लागली की त्या यायच्या, माझ्या घरची पाण्याची मोटर बिघडली की मी जायचो. त्या मला 'शेट' म्हणायच्या, पण त्यात दबून बोलण्याचा सूर कधी नव्हता.

एकदा पिकअपमधून पाणबुडी मोटर उतरवताना पलीकडच्या माणसाच्या हातून ती निसटली आणि सगळं वजन बाईंच्या कमरेवर आलं. मणक्यातली चकती सरकली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आणि दहा दिवसांसाठी ट्रामाडोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. ही अफूच्या जातकुळीतली वेदनाशामकं. दुखणं भयंकर असेल तर थोड्या दिवसांसाठी ती देतात, आणि डॉक्टरांनी ती योग्यच दिली होती. चिठ्ठीवर दहा दिवस स्पष्ट लिहिलेले होते. अकराव्या दिवशी बाई आल्या, रिकामी पट्टी दाखवली, म्हणाल्या, "शेट, ह्या लई चांगल्या हायेत. अजून एक द्या." मी दिली... इतकं साधं होतं ते. कुठंही वीज कडाडली नाही. मी पदविका घेतलेला औषधविक्रेता आहे. पाकिटावरचा लाल रंगातला इशारा मला वाचता येत होता. पण ओळखीचं माणूस, कष्टाचं माणूस, दुखतंय म्हणतंय, आणि मी नाही दिली तर समोरचा देईल... अशी कारणं माणसाला आयती सापडतात. पुढं वर्षभराहून अधिक काळ मी देत राहिलो. आठवड्याला एक पट्टी होती, तिच्या दोन झाल्या, मग चार. पट्ट्या वाढत होत्या याचा अर्थ मला कळत नव्हता असं नाही. मला तो कळून घ्यायचा नव्हता.

त्या काळात बाई बदलल्या. बसल्या जागी डोळे मिटायचे. पोट साफ होत नाही म्हणून त्याचं औषध न्यायच्या, तेही मी निमूट द्यायचो. बोलण्यात तिखटपणा होताच, आता चिडचिड आली. वेढे मोजता मोजता डुलकी लागली आणि त्यांनी भरलेली एक मोटर तिसऱ्याच दिवशी जळाली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मग एके दिवशी भर दुपारी दुकानातच त्यांना झटका आला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. गिऱ्हाइकानं आरडाओरडा केला, आम्ही धावलो, जुन्नरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? बाईंनी कमरेच्या पिशवीतून पट्टी काढून दाखवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे औषध प्रमाणाबाहेर गेलं की असे झटके येतात. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळीबरोबर घेतलं असतं, तर श्वासच थांबला असता. मी मागे उभा होतो. ती पट्टी कुठून आली हे तिथं कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आठवड्यानं बाई माझ्या दुकानात आल्या. बाजाराचा दिवस, काउंटरपुढं सात-आठ माणसं. त्यांनी पिशवी उलटी केली आणि रिकाम्या पट्ट्यांचा ढीग काचेवर ओतला. "शेट, चिठ्ठी धा दिवसांची व्हती. अकराव्या दिवशी मला इचारलं का न्हाई?"

"तुम्ही मागितल्या म्हणून..."

"मी मागितल्या. मला ठावं न्हवतं. तुमाला ठावं व्हतं."

मला राग आला, हे कबूल करतो. चारचौघांत का, असं वाटलं. पण बाई भांडायला आल्याच नव्हत्या. त्यांनी डॉक्टरीणबाईंची नवी चिठ्ठी पुढं केली. एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्यानं कमी करायचं, असं त्यात लिहिलं होतं. "आता ह्याच्यात लिवल्यात तेवढ्याच द्यायच्या. मी रडले, शिव्या दिल्या, पाया पडले, तरी एक जास्त द्यायची न्हाय. तुमीच लावल्यात, आता तुमीच सोडवायच्या."

दर सोमवारी त्या यायच्या. दर सोमवारी मी कात्रीनं पट्टी कापून मोजक्या कॅप्सूल द्यायचो. गोळी कमी झाली की काय होतं, ते मी पुस्तकात वाचलं होतं. पण माणसात पाहिलं ते तेव्हाच. नाक वाहायचं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोट बिघडलेलं, पाय एका जागी ठरत नसत. एका सोमवारी त्यांनी खरंच शिव्या दिल्या, आणि मी खाली मान घालून तेवढ्याच कॅप्सूल दिल्या. दुसऱ्या सोमवारी त्या स्वतःहून म्हणाल्या, "मला आता उमगलंय, शेट. कंबर तर कवाच बरी झाली व्हती. ही गोळी नुसतं गोळीचंच दुखणं मारत व्हती." वीस वर्षं औषधं विकून मला हे इतक्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं. चार-पाच महिने लागले. मध्ये एकदा घसरण झाली, दुसरीकडून पट्टी आणली. तीही त्यांनीच मला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितली. पुन्हा उभ्या राहिल्या. कमरेचे व्यायाम दुकानातच चटई टाकून करायच्या, गिऱ्हाईक बघतंय याची फिकीर नाही.

त्याच वर्षी आमची संवत्सरी आली. त्या दिवशी आम्ही जैन लोक सगळ्यांची क्षमा मागतो, कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा म्हणून. गिऱ्हाइकांना हात जोडत होतो, तसे त्यांनाही जोडले. बाईंनी विचारलं, "कशाची माफी?" मी म्हटलं, काही चुकलं-माकलं असेल त्याची. "आसं मोघम नगं. नेमकं सांगा." मला सांगता आलं नाही. बाई हसल्या आणि गेल्या.

गावानं बोलायचं ते बोललंच. बाई नशेला लागली होती म्हणे. हे कानावर आलं तेव्हा बाईंनी ते दाबलं नाही. मोटर न्यायला आलेल्या प्रत्येकाला त्या स्वतःच सांगायला लागल्या. "मी गोळीला लागले व्हते. आता सुटले. ही मोटर शुद्धीत भरलीये, चालवून बघून घ्या." बचत गटाच्या बैठकीत त्यांनी बायकांना पर्समधल्या पट्ट्या काढायला लावल्या. दोघींकडे त्याच कॅप्सूल निघाल्या. किरणला हे आवडायचं नाही. तो चाकणला कंपनीत, चार लोकांत ऊठबस. "आई, झाकली मूठ राहू दे ना," तो म्हणायचा. "मुठीत काय हाय ते समद्यांला म्हाईत हाय," त्या म्हणायच्या, "मग झाकून कुणाला फसवू?"

मध्ये चांगली चार वर्षं गेली. मग पुन्हा कंबर दुखायला लागली. जुनंच असेल, असं त्यांनाही वाटलं आणि मलाही. तसं नव्हतं. छातीतला कर्करोग होता आणि तो हाडांपर्यंत पोचला होता. शस्त्रक्रियेचा काळ टळून गेला होता. पुण्याला उपचार सुरू झाले, पण दुखणं थांबेना. साध्या गोळ्यांनी भागेना. डॉक्टरांनी मॉर्फीनचं नाव काढलं. मॉर्फीन म्हणजे थेट अफूपासून निघालेलं औषध. किरणनं तिथल्या तिथं नाही म्हटलं. घरी येऊन मला म्हणाला, "शेटकाका, तुम्हीच सांगा. एकदा यातून गेलीये ती. परत तेच?" आणि मी त्याला दुजोरा दिला. मी म्हटलं, नको. मला वाटलं, या वेळी तरी मी शहाण्यासारखा वागतोय.

मी भेटायला गेलो तेव्हा बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. पदराचा बोळा दातांत धरलेला. कूस बदलताना जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला, तो मी आधी कधी ऐकला नव्हता. पूनम बाहेर जाऊन उभी राहिली. मी काहीतरी धीराचं बोललो, थोडं सोसा म्हणालो. त्यांनी बोळा काढला, माझ्याकडे पाहिलं. "शेट, तवा द्यायची न्हवती तवा दिली. आता द्यायची तर भ्याता? तवा तुमची सोय बघितली, आता बी तुमचीच बघताय."

मी बाहेर येऊन किरणला फोन लावला. म्हटलं, माझं चुकलं, उद्याच आईला पुण्याला नेऊ.

दुसऱ्या दिवशी किरणच्या गाडीत मागच्या सीटवर गाद्या घालून आम्ही पुण्याला गेलो. रुग्णालयात वेदनेवर उपचार करणारे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाव, वय लिहायला घेतलं. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, मी एकदा गोळीला लागलेली बाई हाय. आदी ते लिवा, मग माझा आजार लिवा." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किरणची मान खाली गेली. डॉक्टर म्हणाले, "हे तुम्ही सांगितलंत, फार बरं केलंत. यामुळे औषध नाकारायचं नाही, काळजी जास्त घ्यायची." मग त्यांनी तासभर समजावलं. गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची, दुखणं उसळण्याची वाट पाहायची नाही. मनानं वाढवायची नाही, मनानं बंदही करायची नाही. पोट साफ राहायचं औषध पहिल्या दिवसापासून. झोपेची दुसरी गोळी नाही. सुरुवातीला थोडी गुंगी येईल, मळमळेल. पण हाक मारून जाग येत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या, तर लगेच फोन करून रुग्णालय गाठायचं. किरणनं विचारलं, "पण सवय लागली तर?" डॉक्टर म्हणाले, "शरीराला सवय होईल. मन गोळीमागे धावतंय का, ते आपण सगळे मिळून बघू. दुखण्यानं माणसाला असं जाळत ठेवणं हा काही त्यावरचा उपाय नाही."

अटी बाईंनीच घातल्या. आठवड्याची गोळी आठवड्याला, चिठ्ठी एकाच डॉक्टरांची, डबा कुलपात, किल्ली पूनमकडे. "माझ्याकडं किल्ली नगं. मी मला वळखते," त्या म्हणाल्या.

मात्रा नीट बसायला आठ-दहा दिवस लागले. आणि मग एका सकाळी बाई उशीला टेकून बसल्या, चहा मागितला. किरण त्या दिवशी सुट्टी काढून घरी होता. आईला बसलेली पाहून तो परसात गेला आणि बराच वेळ आलाच नाही. पुढचे जवळजवळ चार महिने बाई जगल्या. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण त्यांच्या मुठीत राहिलं. त्या चार महिन्यांत त्यांनी पूनमला मोटर भरायला शिकवलं. खाटेजवळ उघडी मोटर, पूनमच्या हातात तार, आणि बाई डोळे मिटून वेढे मोजताहेत. डोळे मिटलेले असले तरी चूक बरोबर पकडायच्या. मी मुद्दाम बघायला जायचो. पहिल्या गोळीनं ज्यांचे वेढे चुकले होते, त्या दुसऱ्या गोळीवर असताना सुनेचे वेढे दुरुस्त करत होत्या. औषध त्याच कुळातलं. पण या वेळी गरज खरी होती, माप ठरलेलं होतं आणि विचारणारी माणसं भोवती होती.

त्यांचे दीर गुडघ्यानं हैराण. एकदा म्हणाले, वहिनी, तुमची ती एक गोळी द्या की. बाईंनी साफ नाही म्हटलं. "भाऊजी, माझं अंग हिला सरावलंय. तुमी घेतली तर झोपंतच श्वास थांबंल." दीर रुसले, यायचे बंद झाले. एका गोळीसाठी नातं तोडलं, असं गावभर सांगत सुटले. बाईंना फरक पडला नाही. "रुसलेला दीर परवडला," म्हणाल्या.

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी पूनम आणि मी उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत द्यायला निघालो. सुतकात सुनेनं घराबाहेर पडायचं? आजूबाजूच्या बायका कुजबुजल्या. पूनमनं चप्पल घालता घालता सांगितलं, "सुतक मला हाय, गोळ्यांला न्हाय. ह्या घरात एक दिवस बी जास्त ऱ्हाणार न्हायीत." अगदी सासूचा आवाज.

दशक्रियेला नदीकाठी गर्दी होती. आमच्याकडे प्रवचन झालं की चार माणसं उठून श्रद्धांजलीचं बोलतात. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, कष्टाळू माउली वगैरे झालं. माझ्यामागे दीर शेजारच्याला सांगत होते, हळू, पण ऐकू येईल असं, "काय सांगायचं... शेवटी गोळ्यांनीच नेली."

मी आयुष्यात कधी माइक धरलेला नाही. आमच्या घरात शिकवण अशी की व्यापाऱ्यानं गावाच्या बोलण्यात पडू नये. मी उठलो. म्हणालो, शालनबाईंना कर्करोगानं नेलं. गोळ्यांनी त्यांना शेवटचे चार महिने दिले. आणि गोळ्यांनी एकदा त्यांचं वर्ष खाल्लं होतं, हेही खरं आहे. त्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मी विकल्या. दहा दिवसांच्या चिठ्ठीवर वर्षभर विकल्या. त्या बाईंना तुम्ही नशेबाज म्हणालात, मला मात्र शेट म्हणत राहिलात. यापुढे कुणाला काही म्हणायचं असेल, तर मला म्हणा... एवढंच बोललो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ती जागाही टाळ्यांची नव्हती. किरण येऊन शेजारी उभा राहिला, माझ्या खांद्याला खांदा लावून.

त्यानंतर काही गिऱ्हाइकं तुटली. एका व्यवसायबंधूनं फोन करून सुनावलं की तुम्ही सगळ्यांच्याच तोंडाला काळं फासलंत. मी म्हटलं, ज्याचं तोंड स्वच्छ आहे त्यानं घाबरायचं कारण नाही.

गेल्या आठवड्यात टोमॅटोची पिकअप चालवणारा एक चाळिशीचा माणूस दुकानात आला. नेहमीचा नव्हता. त्याच कॅप्सूलचं नाव घेतलं, चिठ्ठी नव्हती. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "नगा देऊ. पुढच्या दुकानात मिळंल." आणि पायरी उतरला. इतकी वर्षं 'नाही' म्हणण्याचं धाडस मला जमत नव्हतं, आता तेवढ्यावर समाधान मानून मी पुन्हा खुर्चीत बसलो असतो. बसवेना. चप्पल न घालता त्याच्या मागं रस्त्यावर गेलो, दंडाला धरलं. "कधीपासून घेताय?" त्यानं झिडकारलं. मी सोडला नाही. भर बाजारात लोक बघायला लागले. शेवटी तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिसरं वर्स हाय, शेट. सोडाया गेलो की मरायची पाळी येती."

"मरत नाही. सुटते. सुटलेलं माणूस मी पाहिलंय," मी म्हटलं. "चला, जुन्नरला डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"आत्ता? अन् गाडी?"

"गाडी राहू द्या इथंच. या अवस्थेत तुम्ही चालवायची नाही. एसटीनं जाऊ."

दुकानाला कुलूप लावलं. बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा वाजता. स्टँडकडे जाताना शालनबाईंच्या दुकानावरून गेलो. आत पूनम खाली मान घालून मोटर भरत होती, ओठ हलत होते. वेढे मोजत असावी... म्हणून मी हाक मारली नाही.